इंग्रजीत 'टू' कधी लागतो आणि 'शुड' कधी उद्धट वाटतं? मराठी माणसाचा घोळ नेमका इथे होतो

समजा, एका मुलाला नोकरीच्या मुलाखतीचा मेल आलाय. त्यात तारीख आहे, पण वेळ दिलेली नाही. तो मनातल्या मनात मराठीत वाक्य जुळवतो, 'कृपया मुलाखतीची वेळ कळवावी.' वाक्य एकदम अदबीचं आहे. शाळेतल्या पत्रलेखनापासून आपण सगळे हेच लिहीत आलोय. मग तो त्याचं इंग्रजी करतो, 'यू शुड टेल मी द टाइम ऑफ द इंटरव्ह्यू.' आणि मेल पाठवून मोकळा होतो.

समोर एचआरला मात्र हे वाक्य वेगळंच ऐकू येतं. 'तुम्ही मला वेळ सांगायला हवी.' म्हणजे विनंती गेली आणि तिच्या जागी उपदेश आला, तोही नोकरी मागायला आलेल्या माणसाकडून.

गंमत बघा. या वाक्यात स्पेलिंग चुकलेलं नाही, काळ चुकलेला नाही, व्याकरणही चुकलेलं नाही. तरी मुलगा उद्धट ठरला. का? कारण मराठीतलं 'कळवावी' आणि इंग्रजीतलं 'शुड' यांचं काम वेगळं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून सुरू व्हायचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तरीही 'आय', 'यू', 'हिम' यांसारखी सर्वनामं, 'कॅन-शुड-मस्ट' आणि 'टू गो'सारखी क्रियापदं एकत्र आली की चांगल्या चांगल्यांची गाडी अडखळते. हे तीन भाग एकमेकांत कसे बसतात, ते नीट समजून घेऊ.

आधी हे तीन भाग कोणते, ते बघू

पहिला भाग सर्वनामाचा. आय, यू, ही, शी, वी, दे. म्हणजे 'कोण?' या प्रश्नाचं उत्तर.

दुसरा भाग मोडल क्रियापदाचा. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट, ही मुख्य नऊ क्रियापदं. ती स्वतः कोणतंही काम सांगत नाहीत. काम शक्य आहे का, त्याला परवानगी आहे का, ते बंधनकारक आहे का, करायची इच्छा आहे का, हे ती सांगतात.

तिसरा भाग इन्फिनिटिव्हचा. म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, ज्याला काळ किंवा पुरुष चिकटलेला नसतो. हे दोन वेशांत भेटतं. कधी 'टू' घेऊन, जसं 'टू गो', तर कधी 'टू'शिवाय, नुसतं 'गो'.

आता ही यादी वाचा.

- मला जायचंय : आय वॉन्ट टू गो
- मला जायला हवं : आय शुड गो
- मला जावं लागतं : आय हॅव टू गो
- मला जाता येतं : आय कॅन गो
- मला जाऊ दे : लेट मी गो

मराठीत एकाच 'जा'ची पाच रूपं झाली. जायचं, जायला, जावं, जाता, जाऊ. इंग्रजीत पाचही ठिकाणी 'गो' तसाच राहिला. फरक एवढाच, की कुठे त्याच्यापुढे 'टू' आला, कुठे नाही. म्हणजे या बाबतीत मराठी जास्त अवघड आहे आणि ती तुम्हाला आधीच येते. इंग्रजीत शिकायचं ते फक्त 'टू'चं बटण कधी चालू आणि कधी बंद करायचं, हे.

हा 'टू' आला कुठून?

यासाठी साधारण हजार वर्षं मागे जावं लागेल. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्ह ओळखायला 'टू'ची गरजच नव्हती. क्रियापदाच्या शेवटी 'अन' असा प्रत्यय असायचा. आजचं 'सिंग' तेव्हा 'सिंगन' होतं.

'टू' होता, पण त्याचा मूळ अर्थ दिशा दाखवण्याचा. आजही 'आय ॲम गोइंग टू पुणे' म्हणताना तोच अर्थ असतो. हळूहळू हाच शब्द हेतू दाखवण्यासाठी क्रियापदाला लागायला लागला. कुठे जायचं, तर पुण्याकडे. कशासाठी जायचं, तर गाण्यासाठी.

मराठीनेही नेमकं हेच केलंय. 'ती पुण्याला गेली' आणि 'ती गायला गेली'. दोन्हीकडे 'ला' आहे. इंग्रजीत 'टू पुणे' आणि 'टू सिंग', मराठीत 'पुण्याला' आणि 'गायला'. त्यामुळे 'करायला', 'बघायला', 'भेटायला' असा अर्थ असेल तिथे बऱ्याचदा 'टू' लागतो, ही खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. 'आय केम टू मीट यू' म्हणजे मी तुला भेटायला आलो. वॉन्ट, नीड, होप, प्लॅन, डिसाइड, ट्राय, लर्न, अग्री या क्रियापदांनंतर 'टू' येतो.

मग 'आय शुड गो'मध्ये तो का नाही? मराठीत तर 'जायला हवं' म्हणतो. कारण मोडल क्रियापदांची जोडी जुन्या, 'टू' नसलेल्या इन्फिनिटिव्हशी आधीच जमली होती. पुढे 'अन' हा प्रत्यय झिजून गेला, 'टू' बाकी ठिकाणी पसरला, पण ही जुनी जोडी काही तुटली नाही. म्हणून 'आय कॅन टू स्विम' किंवा 'यू मस्ट टू कम' होत नाही. मोडल आलं की 'टू' बंद.

आणखी काही क्रियापदं 'टू'ला जवळ करत नाहीत. 'लेट मी सी', म्हणजे मला बघू दे. 'शी मेड हिम वेट', म्हणजे तिने त्याला थांबायला लावलं. 'आय सॉ हिम लीव्ह', म्हणजे मी त्याला निघताना पाहिलं. 'हेल्प'चं मात्र दोन्ही घरचं जेवण चालतं. 'हेल्प मी कॅरी धिस' बरोबर आणि 'हेल्प मी टू कॅरी धिस'ही बरोबर.

'ही कॅन्स' का म्हणत नाहीत?

शाळेत सगळ्यांना शिकवलं जातं, की ही, शी, इट आलं की क्रियापदाला 'एस' लावायचा. ही गोज, शी सिंग्ज. मग 'ही कॅन्स' का नाही?

यातली बहुतेक मोडल क्रियापदं मुळात भूतकाळाच्या साच्यातली रूपं होती. अर्थ वर्तमानाचा, पण साचा भूतकाळाचा. आणि भूतकाळात 'एस' लागत नाही. आय सॉ, ही सॉ. तीच सवय 'कॅन', 'मे', 'शॅल' यांच्या अंगात राहिली.

हे विचित्र वाटत असेल तर आपलं 'पाहिजे' बघा. मला चहा पाहिजे, तुला चहा पाहिजे, तिला चहा पाहिजे. माणूस बदलला तरी 'पाहिजे' जागचं हलत नाही. इंग्रजीतलं 'मस्ट' हे असंच 'पाहिजे'सारखं आहे. ते कुणासाठी बदलत नाही.

मोडलचा आणखी एक स्वभाव असा, की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एका क्रियापदापुढे दोन मोडल चालत नाहीत. 'मला उद्या येता येईल' यासाठी 'आय विल कॅन कम' होत नाही. तिथे 'आय विल बी एबल टू कम' म्हणावं लागतं. 'एबल टू' हे मोडल नाही, त्यामुळे तिथे 'टू' परत येतो. 'आय कॅन एबल टू' ही या दोघांची खिचडी आहे, ती टाळायची. 'हॅव टू'सुद्धा मोडल नाही. म्हणून तिथे 'टू'ही लागतो आणि 'ही हॅज टू' असा बदलही होतो.

या शब्दांचे मूळ अर्थही बघण्यासारखे आहेत. 'कॅन'चा जुना अर्थ होता 'जाणणे', आणि आपलं 'जाणणे' व इंग्रजीतलं 'कॅन' ही एकाच प्राचीन मुळाची लेकरं आहेत. 'शॅल'चा जुना अर्थ होता 'देणं लागणे'. मराठीतही 'मी त्याचे पैसे देणं लागतो' आणि 'मला जावं लागतं' यात एकच 'लागणे' आहे. 'विल' म्हणजे इच्छा. मृत्युपत्राला इंग्रजीत 'विल' आणि मराठीत 'इच्छापत्र' म्हणतात, ते याच अर्थाने.

'मला'चं इंग्रजी 'आय' कसं काय होतं?

आता सर्वनामाकडे वळू. मराठीत इच्छा, गरज, बंधन आलं की माणसाला 'ला' लागतो. मला जायचंय, तुला यावं लागेल, तिला पोहता येतं. इंग्रजीत मात्र तिन्ही वाक्यं आय, यू, शी यांनीच सुरू होतात. 'शी कॅन स्विम'. जो काम करणार, तो वाक्याच्या तोंडाशी आणि कर्त्याच्याच रूपात.

एकेकाळी इंग्रजीतही 'मला' पद्धत होती. शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' असा शब्द सापडतो. त्याचा शब्दशः अर्थ 'मला वाटतं'. इंग्रजीतलं 'मी' म्हणजे मराठीतलं 'मला', हे इथे लक्षात ठेवा. पण कालांतराने ही पद्धत मागे पडली आणि जवळपास सगळीकडे 'आय' बसला.

मग 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम' ही रूपं कधी येतात? जेव्हा वाक्यात दुसरा माणूस शिरतो आणि पुढचं काम त्याने करायचं असतं. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

'त्याने यावं असं मला वाटतं.' याचं इंग्रजी आपल्याकडे सर्रास 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' असं होतं, कारण 'असं'च्या जागी 'दॅट' आणि 'यावं'च्या जागी 'शुड' येऊन बसतात. सरळ इंग्रजी आहे, 'आय वॉन्ट हिम टू कम.' यात 'दॅट' नाही, 'शुड' नाही. पहिला माणूस 'आय', दुसरा 'हिम', आणि मग 'टू कम'.

हाच साचा टेल, आस्क, ॲडव्हाइज, अलाऊ, एक्स्पेक्ट, रिमाइंड यांनाही चालतो. 'तिला मला फोन करायला सांग' म्हणजे 'टेल हर टू कॉल मी'.

हा साचा चुकला की नुसतं व्याकरण बिघडत नाही, निरोपही बिघडतो. 'सर मला म्हणाले की तू उद्या ये.' मराठीत हे अगदी स्वाभाविक आहे, आणि यातला 'तू' म्हणजे बोलणारा स्वतः, हे सगळ्यांना कळतं. त्याचं शब्दशः इंग्रजी झालं, 'सर टोल्ड मी दॅट यू कम टुमॉरो.' ऐकणाऱ्याला वाटतं, सरांनी मला बोलावलंय. दुसऱ्या दिवशी जायला हवं ते घरी बसतात आणि भलताच माणूस सरांच्या दारात उभा राहतो. 'सर टोल्ड मी टू कम टुमॉरो' म्हटलं की हा प्रश्नच उरत नाही.

एक सावधगिरी. 'सजेस्ट' हे क्रियापद या साच्यात बसत नाही. 'ही सजेस्टेड मी टू गो' चूक आहे. 'ही सजेस्टेड दॅट आय गो' किंवा 'ॲडव्हाइज' वापरून 'ही ॲडव्हाइज्ड मी टू गो' म्हणावं.

सर्वनाम बदललं की मोडलचा अर्थही बदलतो

आपण शाळेत पाठ करतो, 'कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजे'. पण मोडलचा अर्थ एकट्याने ठरत नाही. त्याच्या शेजारी कोण बसलंय, यावर तो ठरतो.

'मे'चंच बघा. 'मे आय कम इन?' ही परवानगी आहे. 'शी मे कम' यात सहसा शक्यता असते, कदाचित येईल. आणि 'मे यू लिव्ह लाँग' हा आशीर्वाद झाला.

'मस्ट' तर रंग बदलण्यात आणखी पटाईत. 'आय मस्ट गो' म्हणजे मला निघायलाच हवं, हे बंधन स्वतःच स्वतःला घातलेलं. 'यू मस्ट साइन हिअर' हा हुकूम. पण 'यू मस्ट कम फॉर डिनर' यात हुकूम नसून आग्रह आहे, आपलं 'यायचंच हं!' आणि 'यू मस्ट बी टायर्ड' म्हणजे 'दमला असशील', हा निव्वळ अंदाज.

'विल'चंही तसंच. 'आय विल डू इट' हे वचन. 'विल यू डू इट?' ही विनंती. आणि थंडीत गाडी बटण दाबून दाबून सुरू होत नसेल, तर 'इट वोन्ट स्टार्ट'. म्हणजे गाडी जणू ऐकतच नाहीये. 'विल'चा जुना अर्थ इच्छा होता, तो इथे अजून जिवंत आहे.

'मी येऊ का?' या साध्या प्रश्नाचीही इंग्रजीत वेगवेगळी रूपं होतात. परवानगी मागायची असेल तर 'मे आय कम?' किंवा 'कॅन आय कम?' मदतीची तयारी दाखवायची असेल तर 'शॅल आय कम?' सल्ला हवा असेल, म्हणजे 'मी यावं का?' असं विचारायचं असेल, तर 'शुड आय कम?' आणि समोरच्याची इच्छा विचारायची असेल तर 'डू यू वॉन्ट मी टू कम?' या शेवटच्या वाक्यात दोन सर्वनामं आणि 'टू' एकत्र आलेत, पण साचा तोच, 'वॉन्ट हिम टू कम'वाला.

मग आदर गेला कुठे?

आता परत त्या मेलकडे येऊ.

मराठीत आदर दाखवायला तीन सर्वनामं आहेत. तू, तुम्ही आणि आपण. शिवाय क्रियापदही बदलतं. पाठव, पाठवा, पाठवावं. 'तुम्ही फाइल पाठवा' एवढं म्हटलं तरी पुरेसा मान राखला जातो.

इंग्रजीतही एकेकाळी दोन सर्वनामं होती. 'दाऊ' म्हणजे तू, आणि 'यू' म्हणजे अनेकवचनी किंवा आदरार्थी तुम्ही. पण सतराव्या शतकात रोजच्या प्रमाण बोलीतून 'दाऊ' मागे पडला. तो उरला तो मुख्यतः प्रार्थनांमध्ये, जुन्या बायबलमध्ये आणि काही बोलींमध्ये. सगळ्यांनाच 'यू' झाल्यावर सर्वनामातून आदर दाखवायची सोय संपली.

आज इंग्रजीत तुमचा सूर मोठ्या प्रमाणात मोडल क्रियापदावरून जोखला जातो. 'सेंड मी द फाइल' म्हणजे पाठव. 'कॅन यू सेंड मी द फाइल?' म्हणजे पाठवशील का. 'कुड यू सेंड मी द फाइल?' म्हणजे पाठवाल का. मराठी माणूस 'पाठवा' म्हणतो आणि त्याला वाटतं आदर 'यू'मध्ये पोहोचला. पण 'यू' रिकामा आहे. नुसतं 'प्लीज' लावलं तरी ते वाक्य मुळात आज्ञार्थीच राहतं.

'कुड' हे 'कॅन'चं भूतकाळी रूप. मग आत्ता करायच्या कामासाठी ते जास्त नम्र का वाटतं? कारण भूतकाळामुळे थोडं अंतर पडतं, समोरच्यावर दबाव कमी येतो. हे आपल्यालाही नवं नाही. कुणाच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, 'जरा काम होतं तुमच्याकडे', 'एक विचारायचं होतं'. काम आत्ताच आहे, विचारायचंही आत्ताच आहे. तरी 'होतं' म्हणतो. 'आय वॉन्टेड टू आस्क' हे इंग्रजी वाक्य नेमकं याच स्वभावाचं.

आणि 'शुड'? 'यू'च्या शेजारी बसलं की ते बहुतेक वेळा सल्ला देतं किंवा कर्तव्याची आठवण करून देतं. 'यू शुड सी अ डॉक्टर' हे मित्राला म्हणणं ठीक आहे. साहेबांना, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला काम सांगताना 'यू शुड', 'यू मस्ट' आणि 'यू हॅव टू' ही तिन्ही जपून वापरायची. आपलं 'कळवावे', 'यावे', 'पाठवावे' हे विनंतीचं रूप आहे. त्याचं इंग्रजी 'शुड' नव्हे, 'कुड यू' किंवा 'वुड यू' आहे.

नेहमी होणारे चार घोळ

१. 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू'. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे येऊ नकोस, बंदी आहे. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलास तरी चालेल. 'उद्या यायची गरज नाही' असं सांगायचं असताना पहिलं वाक्य गेलं, तर समोरचा दुखावणारच.

२. 'विल'च्या जागी 'वुड'. जास्त सभ्य वाटतं म्हणून अनेक जण 'आय वुड जॉइन ऑन मंडे' असं लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, जर-तर काहीतरी शिल्लक आहे. जॉइन करणार हे नक्की असेल तर 'आय विल जॉइन ऑन मंडे'. 'वुड' विनंतीत नम्र असतं, माहिती देताना ते डळमळीत होतं.

३. 'कुड' आणि 'वॉज एबल टू'. 'काल ट्रॅफिक होतं, तरी मी वेळेत पोहोचू शकलो.' एकदाच घडलेल्या अशा यशासाठी 'आय कुड रीच' म्हणत नाहीत, 'आय वॉज एबल टू रीच' म्हणतात. 'कुड' हे पूर्वी अंगात असलेल्या क्षमतेसाठी. 'आय कुड स्विम ॲट फाइव्ह', म्हणजे पाचव्या वर्षी मला पोहता यायचं. नकारात मात्र 'कुडन्ट' दोन्हीकडे चालतं.

४. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. मेलच्या शेवटी हमखास दिसणारी ओळ. इथला 'टू' इन्फिनिटिव्हचा नाही, तो जुना, दिशा दाखवणाराच आहे. म्हणून पुढे 'मीटिंग' हवं. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. ओळखायची युक्ती सोपी आहे. 'टू'नंतर एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द पार्टी' बरोबर वाटतंय ना? मग क्रियापदाला 'इंग' लावा.

आणि जाता जाता दिलासा देणारी एक गोष्ट. 'जायला हवं होतं' म्हणजे 'शुड हॅव गॉन'. बोलताना 'शुड हॅव'चं 'शुडव्ह' होतं आणि ते ऐकून अनेक जन्मजात इंग्रजी भाषिकही 'शुड ऑफ' असं चुकीचं लिहितात. तेव्हा मोडलच्या बाबतीत अडखळणारे आपण एकटेच नाही.

सही करताना हे का माहीत हवं?

हा सगळा मामला फक्त शिष्टाचाराचा नाही. भाड्याने घर घेताना महाराष्ट्रात सहसा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. तो इंग्रजीत असेल तर त्यात 'शॅल' आणि 'मे' हे दोन शब्द जागोजागी दिसतात. भाडेकरू 'शॅल पे' असं लिहिलं असेल तर पैसे भरणं बंधनकारक. घरमालक 'मे टर्मिनेट' असं असेल तर करार संपवायचा त्याला अधिकार आहे, पण संपवलाच पाहिजे असं नाही. वाद कोर्टात गेला तर संदर्भ बघून काही वेळा 'मे'चा अर्थ 'शॅल'सारखाही लावला जातो. म्हणून सही करण्याआधी कोणत्या माणसापुढे कोणतं मोडल बसलंय, ते बघायचं. 'शॅल' तुमच्या बाजूला आणि 'मे' सगळा समोरच्याच्या बाजूला असेल, तर करार कुणाकडे झुकलाय ते कायदा न शिकताही कळतं.

संविधानातही हेच तीन भाग काम करतात. कलम ४० ग्रामपंचायतींबद्दल आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरात राज्यासाठी 'शॅल' वापरलाय, पण तो 'टेक स्टेप्स'ला, म्हणजे पावलं उचलण्याला जोडलाय. ग्रामपंचायती संघटित करण्याची गोष्ट त्याच्या पुढे 'टू' लावून येते. म्हणजे 'शॅल'चा जोर पावलं उचलण्यावर आहे आणि ती कशासाठी उचलायची, ते 'टू' सांगतो.

तर मग तो मेल कसा लिहायचा?

इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. काम कोण करणार? ते सर्वनाम पुढे ठेवायचं, प्रश्न असेल तर मोडल त्याच्याही पुढे जाईल. मला नेमकं काय म्हणायचंय, विनंती, परवानगी, सल्ला की बंधन? त्यावरून मोडल निवडायचं. आणि क्रियापदाच्या आधी मोडल आहे का? असेल तर 'टू' बंद. वॉन्ट, आस्क, टेल यांच्यासारखं क्रियापद असेल तर 'टू' चालू, आणि मध्ये दुसरा माणूस आला तर तो मी, हिम, हर या रूपात.

त्या मुलाला वेळ एचआरकडून हवी होती, म्हणजे 'यू'. त्याला विनंती करायची होती, म्हणजे 'कुड'. मोडल आलं, म्हणजे 'टू' बंद. वाक्य तयार झालं, 'कुड यू प्लीज टेल मी द टाइम ऑफ द इंटरव्ह्यू?'

शब्द जवळपास तेच राहिले. 'शुड' गेलं, 'कुड' आलं आणि 'प्लीज' जोडलं गेलं. 'कळवावी' लिहिताना त्याच्या मनात जो मान होता, तो आता समोरच्यापर्यंत पोहोचला.